लशीवर शंका जरूर घ्या, पण लेकराचं कार्ड आधी भरा

आष्टी म्हटलं की बाहेरच्या माणसाला बीडची आष्टी आठवते, नाहीतर बेचाळीसच्या लढ्यातली वर्ध्याची. ही आष्टी तिसरी. जालना जिल्ह्यातली, परतूर तालुक्यातली. 2022 च्या नोव्हेंबरात मुंबईत गोवंडीला गोवराने लेकरं दगावल्याच्या बातम्या येत होत्या, त्या दिवसांत आम्ही दोघी-तिघी इथल्या वस्तीत घरोघर जाऊन पाच वर्षांखालच्या मुलांची लसीकरणाची कार्डं बघत होतो. एका घरी आईने पत्र्याच्या पेटीतून, आधारकार्डाच्या घडीतून कार्ड काढून दिलं. मुलगा जानेवारी 2020 चा. जन्माच्या वेळची बीसीजी, पोलिओ, कावीळ ब, सगळ्यांच्या तारखा होत्या. दीड महिन्याची सुई मार्चच्या पहिल्या आठवड्यात झालेली. त्यापुढे सगळे चौकोन रिकामे. अडीच महिन्यांचा, साडेतीन महिन्यांचा, नवव्या महिन्याचा, दीड वर्षाचा, एकही भरलेला नाही.

मी विचारलं, का गं, पुढचं राहिलं कसं? ती म्हणाली, "ताई, तव्हा दवाखान्यात कोन जानार? करोनावाले तिथंच तर नेत व्हते. लेकरू दोन महिन्याचं. सुई नाय दिली तर लगेच काय व्हनार नव्हतं, पन दवाखान्यातून काय आणलं असतं तर?"

मी समाजशास्त्रात एम.ए. केलं तेव्हा अशा उत्तराला 'जनजागृतीचा अभाव' असं नाव देऊन रकाना भरायला शिकवलं होतं. पण या बाईच्या बोलण्यात अज्ञान कुठे आहे? तिच्यापुढे दोन धोके होते. एक डोळ्यांसमोर होता, दुसरा दिसत नव्हता. तिने दोन्ही तोलले. तेव्हा गावोगाव काटेरी फांद्या टाकून रस्ते बंद केले होते, शहरातून आलेल्या माणसाला शाळेत चौदा दिवस ठेवत होते, पोलिसांची काठी चालत होती. अशात तान्ह्या लेकराला घरात ठेवणं हा कुठल्याही आईचा हिशेब असता. हिशेब चुकला, कारण त्यातला एक आकडा तिला कुणी सांगितलाच नाही.

तो आकडा उपलब्ध होता. 2020 मध्येच 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात आफ्रिकेतल्या देशांबद्दल एक अभ्यास आला. लसीकरणासाठी केंद्रावर गेल्यामुळे करोना होऊन एक जादा मृत्यू होईल असं धरलं, तर त्या बदल्यात नेहमीच्या लशींमुळे सुमारे 84 बालमृत्यू टळतात, असा त्यांचा अंदाज निघाला. अंदाज आहे, त्यात कमी-जास्त होण्याला पुष्कळ जागा आहे, आणि आफ्रिका म्हणजे मराठवाडा नव्हे. तरी तराजू कुठल्या बाजूला झुकतो ते त्यात स्पष्ट दिसतं. 'घरात राहा, सुरक्षित राहा' ही घोषणा मोबाइलच्या रिंगटोनमध्येही घुसली. 'पण लेकराची सुई चुकवू नका' हे त्याच आवाजात कुणी सांगितलं नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी पुढच्या वर्षी हिशेब मांडला तेव्हा 2020 मध्ये जगभरात 2 कोटी 30 लाख मुलांच्या मूलभूत लशी राहिल्या होत्या. भारतात डीपीटीचे तिन्ही डोस मिळालेल्या मुलांचं प्रमाण 91 टक्क्यांवरून 85 वर आलं. आकड्यांत सहा टक्के म्हणजे थोडं वाटतं. ते सहा टक्के कुठल्या वस्तीत राहतात, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आणि सगळा दोष करोनावर ढकलूनही चालणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचे आकडे 2019 मध्ये, म्हणजे महामारीच्या आधी गोळा झाले. तेव्हाही राज्यातली 12 ते 23 महिन्यांची जेमतेम 73.5 टक्के मुलं पूर्ण लसीकरण झालेली होती. चारातलं एक लेकरू तेव्हाही राहिलेलंच होतं.

आता त्या आईकडून आपल्या माणसांकडे येते, कारण हा लेख खरं तर त्यांच्यासाठी आहे.

त्याच आठवड्यात आपल्या एका चळवळीच्या व्हॉट्सॲप गटावर एक लांबलचक मजकूर फिरत होता. गोवराची साथ बनावट आहे, लस म्हणजे बहुजनांची संख्या कमी करण्याचं मनुवादी आणि भांडवलदारांचं संयुक्त कारस्थान आहे, आपल्या मुलांना टोचू देऊ नका. शेवटी ठळक अक्षरांत 'जयभीम'. करोनाच्या लशीच्या वेळीही असेच मजकूर आले होते आणि काही व्यासपीठांवरून ते टाळ्यांच्या गजरात बोललेही गेले. मी मजकूर टाकणाऱ्या दादांना फोन केला. तासभर बोललो. शेवटी विचारलं, दादा, तुमच्या दोन्ही लेकरांच्या सुया झाल्यात का? म्हणाले, "झाल्यात ना. तेव्हा ही माहिती नव्हती." धाकटी तर दोनच वर्षांची. तिची तिने बरी करून घेतली होती, कांजिण्यांची लसही खासगीत पैसे मोजून.

मी त्यांना खोटारडे म्हणणार नाही. त्यांच्या संशयाला जमीन आहे, ती आपण नाकारली तर आपलं कुणी ऐकणार नाही. मुंबईत 14 जून 1802 रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली आणि या देशात लसीकरण सुरू झालं. तेव्हा बाटल्या नव्हत्या, एका मुलाच्या दंडावरच्या फोडातला द्रव काढून दुसऱ्याच्या दंडात घालत. फोड काढून घ्यायला पोरं बहुधा गरिबांची आणि खालच्या मानलेल्या जातींची मिळत, आणि त्यांच्या अंगातलं आपल्या मुलाच्या अंगात नको म्हणून वरच्या जातींचे पालक नाक मुरडत. म्हणजे लस आली तीच जातीच्या उतरंडीवरून. हाफकीन यांनी 10 जानेवारी 1897 रोजी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली हे खरं, पण त्यानंतर ती कुणावर तपासली? भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर.

फार मागेही जायला नको. 2009 मध्ये आंध्रच्या खम्मम आणि गुजरातच्या वडोदरा जिल्ह्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस हजारो मुलींना टोचली गेली, त्यात आदिवासी मुली मोठ्या संख्येने होत्या. अनेक ठिकाणी संमतीच्या कागदावर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. सात मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत ते लशीमुळे झाल्याचं आढळलं नाही, हेही तितकंच स्पष्ट सांगायला हवं. पण संमतीचा जो खेळखंडोबा झाला त्यावर संसदेच्या स्थायी समितीने 2013 मध्ये कडक ताशेरे ओढले. आपल्याच राज्यात 31 जानेवारी 2021 ला यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी गावी 12 बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. लेकरं वाचली. पण ती बातमी आजही लोक मला सांगतात. आणि नोव्हेंबर 2021 मध्ये आमच्या शेजारच्या औरंगाबाद जिल्ह्यात लशीचा डोस नसेल तर रेशन नाही, पेट्रोल नाही, असा प्रशासनाचा आदेश निघाला. रेशन कुणाचं अडतं? बंगल्यातल्या माणसाचं अडत नाही. लस हक्क म्हणून द्यायची ती धान्य रोखून दिली, तर माणूस तिच्याकडे शिक्षा म्हणूनच पाहणार.

संघमित्रा आचार्य यांनी गुजरात आणि राजस्थानातल्या गावांत दलित मुलांना मिळणाऱ्या आरोग्यसेवेचा अभ्यास केला होता. औषध देताना हात न लावणं, तपासायला कमी वेळ देणं, घरात पाऊल न टाकणं, असं त्यात नोंदलेलं आहे. हे वाचून कुणाला धक्का बसला असेल तर तो आपल्या वस्तीतला नसावा.

मग एवढा सगळा पुरावा असताना मी दादांच्या विरोधात का?

कारण या पुराव्यातून नेमका उलटा निष्कर्ष निघतो. वर सांगितलेली प्रत्येक गोष्ट नीट बघा. अन्याय कशात आहे? संमती घेतली नाही यात. हलगर्जीपणात. स्पर्श टाळण्यात. लस टोचली यात नाही. ज्या व्यवस्थेने आपल्याला पाणवठ्यापासून, शाळेपासून, देवळापासून दूर ठेवलं, तिची पद्धत कायम एकच राहिली आहे: चांगलं ते यांच्यापर्यंत पोहोचू द्यायचं नाही. आपल्या लेकरांना मारायला तिला सुईत विष भरण्याची काय गरज? सुई फ्रीजमध्येच राहू दिली की पुरतं. खर्चही नाही, पुरावाही नाही. नर्सबाई वस्तीवर आलीच नाही, याची चौकशी समिती कधी बसलेली ऐकली आहे का? गोवराची लस तुमच्या दारात येते हे कारस्थान नाही दादा, ती येत नाही हे कारस्थान आहे. आणि तुमचा मजकूर त्याच कारस्थानाचं काम फुकटात करून देतो.

दादांनी मला कालाम सुत्त ऐकवलं. कुणी सांगतो म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका. बरोबर. पण पुढचं अर्धं सुत्त आपल्याकडे फार कमी वेळा वाचलं जातं. स्वतः पारखून, जे हिताचं आणि सुखाचं आहे असं कळेल, सुज्ञांनी ज्याची प्रशंसा केली आहे, ते स्वीकारा आणि त्याप्रमाणे वागा, असंही भगवान बुद्धांनी कालामांना सांगितलं आहे. शंका हा प्रवासाचा आरंभ आहे, मुक्काम नाही. आणि व्हॉट्सॲपवर आलं म्हणून मानणं हे तरी कालाम सुत्तात कुठे बसतं?

पारखायचं तर पारखू या. गोवराचा एक रोगी लस न घेतलेल्या माणसांत 12 ते 18 जणांना रोग देतो, करोनाचा मूळ विषाणूही एवढा पसरत नव्हता. नवव्या महिन्यातला एक डोस साधारण 85 टक्के मुलांना वाचवतो, दोन डोस झाले की प्रमाण पंचाण्णवच्या वर जातं. लशीचे त्रासही आहेत, ते लपवू नयेत. पेंटाच्या सुईने एक-दोन दिवस ताप येतो, मांडी सुजते, लेकरू रात्रभर रडतं. बीसीजीची जागा पिकते. जिवावर बेतणारी ॲलर्जी साधारण दहा लाख डोसांत एखाद्याला होते, म्हणून तर सुई दिल्यावर अर्धा तास थांबायला सांगतात. आता दुसऱ्या पारड्यात काय आहे ते पाहा. गोवर अंगावरचे पुरळ गेले म्हणजे संपत नाही. त्यामागून न्यूमोनिया येतो, जुलाब येतात, जीवनसत्त्व अ कमी असलेल्या मुलाचे डोळे जातात. आणि ज्याच्या अंगात मुळात मांस नाही, त्या लेकराला तो लवकर नेतो. कुपोषण कुणाच्या घरी आहे? म्हणजे तीच लस, तोच रोग, पण आपल्या मुलासाठी लस चुकवण्याची किंमत दादरच्या फ्लॅटमधल्या मुलापेक्षा जास्त. 'त्यांची' मुलं सुई न घेताही कदाचित तरतील, त्यांच्या आजूबाजूची सगळी मुलं घेऊन बसली आहेत. आपल्या वस्तीत ती भिंतच नाही.

इथे एक फरक करायलाच हवा, तो न केल्यामुळे पुष्कळ घोळ झाला. करोनाची मुलांची लस वेगळी आणि गोवराची वेगळी. 15 ते 18 वयोगटाला 3 जानेवारी 2022 पासून कोव्हॅक्सिन, 12 ते 14 ला 16 मार्च 2022 पासून कॉर्बेव्हॅक्स मिळू लागली. लहान मुलांना करोना बहुतेक वेळा सौम्य होत होता, लस नवी होती. अशा वेळी एखादा बाप म्हणाला की थोडं थांबतो, आधी चाचण्यांचे निष्कर्ष दाखवा, तर मी त्याला अंधश्रद्ध म्हटलं नसतं. सर्वोच्च न्यायालयानेही 2 मे 2022 च्या जेकब पुलियेल खटल्यात सांगितलं की कुणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही. सोबत मुलांवरच्या चाचण्यांची माहिती उघड करायला आणि दुष्परिणामांच्या नोंदीची व्यवस्था लोकांना खुली करायलाही सांगितलं. हे मागण्याचं काम आपलं होतं. आपण कारस्थानाच्या मागे धावलो, आणि मागणी घेऊन न्यायालयात एक डॉक्टर गेला. पण त्या लशीबद्दलची शंका उचलून दशकानुदशकं वापरात असलेल्या गोवर-पोलिओच्या लशीवर चिकटवणं म्हणजे पारखणं नव्हे.

आपल्या घरातलंही थोडं बोलू. पटकी आली, महामारी आली की मरीआईचा गाडा गावाच्या शिवेपलीकडे नेऊन सोडण्याचं काम महारा-मांगांच्या गळ्यात होतं. गावाचा रोग आपण ओढत न्यायचा आणि दुसऱ्या गावच्या शिवेवर टाकायचा. 14 ऑक्टोबर 1956 ला आपण तो गाडा सोडला. तरी गोवर निघाला की आजही आपल्या काही घरांत फोडणी बंद होते, दारात लिंबाचा डहाळा लागतो, 'नीट फुटू द्या, दवाखान्यात नेलं की आत दबतो' म्हणतात. भिंतीवर बुद्ध-बाबासाहेबांचे फोटो आणि खाली लेकरू तापाने फणफणलेलं, हे मी पाहिलं आहे. मी त्या म्हाताऱ्या आजीवर चिडत नाही. तिला जे मिळालं तेवढंच तिच्याकडे होतं. चिडते ती शिकलेल्या नातवावर, ज्याने लिंबाचा डहाळा काढला आणि त्या जागी फॉरवर्ड मेसेज टांगला.

सावित्रीमाई प्लेगात गेल्या हे आपण दर 10 मार्चला सांगतो. मुंढव्याचं आजारी अस्पृश्य लेकरू पाठीवर घेऊन त्या यशवंतरावांच्या दवाखान्याकडे निघाल्या होत्या. दवाखान्याकडे. बाबासाहेबांनी रमाईसोबत आपली चार लेकरं पुरली. राजरत्न 1926 च्या जुलैत न्यूमोनियाने गेला. त्या काळी पैसा असता तरी न्यूमोनियावर लस नव्हती. न्यूमोनियाच्या एका मोठ्या कारणावरची पीसीव्ही लस महाराष्ट्रात 2021 पासून सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, खासगीत तिच्या एका डोसाला हजारो रुपये पडतात. राज्यघटनेच्या कलम 47 ने सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं प्राथमिक कर्तव्य ठरवलं आहे. ते कर्तव्य आपल्या दारापर्यंत आलं असताना आपणच दार लावायचं?

आता आमच्या भागातला खरा पेच. त्या आईच्या कार्डावरचे पहिले चौकोन करोनाने रिकामे ठेवले, पण पुढचे? नववा महिना ऑक्टोबर 2020 मध्ये भरला आणि दसऱ्यानंतर जोडपं मुकादमाची उचल घेऊन कोल्हापूरकडे ऊस तोडायला गेलं. फडावर कोपी, पहाटे चारला उठणं. लसीकरणाचा दिवस कुठे आहे हे कोण सांगणार, आणि कोयत्याचा खाडा झाला तर पैसे कोण देणार? परत आले तेव्हा दुसरी लाट. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. जालना, बीड, परभणीतून जाणाऱ्या हजारो लेकरांची नावं आपल्या गावच्या अंगणवाडीच्या यादीत 'स्थलांतरित' म्हणून लागतात आणि कारखान्याच्या गावात ती कुणाच्याच यादीत नसतात. गोवंडीत वेगळं काय झालं? तिथल्या लेकरांचं खापर लोकांनी मुसलमानांच्या अडाणीपणावर फोडलं. उद्या ऊसतोड्यांच्या फडावर साथ आली तर आपल्यावर फोडतील.

इथे कार्यकर्त्याला काम आहे, आणि भाषणापेक्षा ते बारीक आहे. गोवराच्या लशीची बाटली एकदा मिसळली की चार तासांत संपवावी लागते, म्हणून दोनच लेकरं आली तर नर्सबाई 'पुढच्या महिन्यात या' म्हणते. ते तिचं चुकतंच, नियमाने एका मुलासाठीही बाटली उघडायला हवी. पण आपण सहा-सात लेकरं एकाच सकाळी गोळा करून नेली तर तिच्याकडे सबबच राहत नाही. लसीकरणाचं ठिकाण नेहमी गावातली अंगणवाडी किंवा ग्रामपंचायत. आपल्या विहारात का नको, असा अर्ज करायला काय लागतं? बाटलीवर एक गोल आणि त्यात चौकोन असतो. आतला चौकोन बाहेरच्या गोलाइतका काळा झाला की लस उष्णतेने गेली. दादांसारख्या संशयी माणसाने तो चौकोन बघावा, तारीख बघावी, लेकराचं नाव रजिस्टरला चढलं का बघावं. संशयाला असं कामाला लावता येतं. आणि टोळी निघण्याआधी, दसऱ्याच्या पंधरा दिवस अगोदर, कोपीत जाणाऱ्या प्रत्येक लेकराचं कार्ड तपासून, त्याचा फोटो आईबापाच्या मोबाइलमध्ये टाकून द्यावा.

त्या मुलाचं सांगायचं राहिलं. गोवर-रुबेलाची सुई पाच वर्षांपर्यंत देता येते, दोन डोसांत महिन्याचं अंतर ठेवून. पेंटाचा एक डोस वर्षाच्या आत झालेला होता, त्यामुळे राहिलेलेही मिळू शकत होते. हे त्या माउलीला माहीत नव्हतं. तिला वाटत होतं वेळ गेली, आता नेलं तर नर्सबाई रागावेल. अडीच वर्षं तिने ते कार्ड जपून ठेवलं होतं आणि रागावतील म्हणून दाखवलं नव्हतं. आम्ही बरोबर गेलो. नर्सबाई थोडी बोललीच, पण सुई दिली. रात्री ताप आला, सकाळी नऊला तिचा फोन, "ताई, ताप हाय." मी म्हटलं, येऊ दे, उद्या उतरेल, गोळी दे. उतरला. पुढची तारीख कार्डावर लिहून घेतली तेव्हा तिचा नवरा म्हणाला, तोवर आम्ही फडावर असू. आम्ही कारखान्याच्या गावच्या आशाताईचा नंबर शोधायला लागलो.